मांडवीचे चार दरवाजे आणि कोडमधला गुंता

वडोदरा : पायथॉन शिकायला लागलं की बरीच मुलं आधी शब्दांचा खेळ लिहितात. चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर वाक्य येतं, खेळणाऱ्याने पुढची दिशा टाइप करायची. अमेरिकेत विल क्राउदर यांनी १९७०च्या दशकात गुहेत फिरण्याचा असा खेळ लिहिला, १९७७ मध्ये डॉन वूड्स यांनी तो वाढवला.

वडोदऱ्यातल्या मुलांना गुहेची गरज नाही. जुन्या शहराच्या मधोमध मांडवी आहे. उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडी, पूर्वेला पाणी आणि पश्चिमेला लहेरीपुरा दरवाजा. समजा, दांडिया बाजारातल्या एखाद्या मुलीने यावर मराठीत खेळ लिहिला. तो चालतोही. मग सुधारायचं काय?

पहिली चूक : 'पश्चिम किंवा प' अशी अट लिहिताना तुलना फक्त पहिल्या शब्दाशी होते. सुटा राहिलेला 'प' पायथॉन कायम खराच धरतो, कारण रिकामा नसलेला मजकूर त्याच्या लेखी खरा असतो. मग 'पूर्व' लिहिलं तरी स्वारी लहेरीपुऱ्यालाच! उपाय सोपा आहे : दोन्ही शब्दांची यादी करायची आणि लिहिलेला शब्द त्या यादीत आहे का, एवढंच विचारायचं. शब्दाच्या मागेपुढे पडलेली स्पेस आधी काढून टाकायची.

दुसरी चूक : प्रत्येक ठिकाणाचं वेगळं फंक्शन, आणि एकाने दुसऱ्याला बोलवायचं. मांडवीतून दरवाजा, दरवाजातून परत मांडवी. यात आधीचं एकही फंक्शन संपत नाही, नुसती थप्पी वाढत जाते. साधारण हजार पावलांनंतर पायथॉन खेळ बंद पाडतो, कारण त्याची नेहमीची मर्यादा १००० आहे. त्याआधीच 'खेळ संपला' आलं, तरी अर्धवट राहिलेली फंक्शनं पुन्हा डोकं वर काढू शकतात.

इथे दुकानदाराची वही आठवावी. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी हिशोबाची नवी रीत कोणी काढत नाही. रीत एकच, फक्त खातं वेगळं. तसंच खेळाचा नकाशा एका डिक्शनरीत ठेवायचा : मांडवीच्या खात्यात चार दिशा आणि चार दरवाजे, प्रत्येक दरवाजाच्या खात्यात परतीची वाट. 'सध्याचं ठिकाण' एका व्हेरिएबलमध्ये. एकच लूप दिशा विचारतो, खातं बघतो, ठिकाण बदलतो. उद्या न्यायमंदिर किंवा सूरसागर जोडायचं झालं तर खात्यात ओळी वाढतील, लूपला हात लावायचं काम नाही.

तिसरी गोष्ट नावांची : मराठीत 'उत्तर' म्हणजे दिशाही आणि जबाबही. कॉम्प्युटर गोंधळणार नाही, पण महिन्याभराने वाचणारा नक्की गोंधळेल. व्हेरिएबलला 'हुकूम' म्हटलं की प्रश्न मिटला.

सगळं एकदम पुसून नव्याने लिहायची घाई नको. जुनी प्रत जपून ठेवावी, एक बदल करावा, खेळून बघावं, मग पुढचा. वाक्यंही एका जागी वेगळी ठेवली, तर तोच खेळ शेजारच्या गुजराती मैत्रिणीला तिच्या भाषेत देता येईल. नकाशा एकच, बोली दोन.