दूर्वा, गोल्फची हिरवळ आणि बाजरीचं कणीस

रांजणगावच्या महागणपतीला वाहिली जाणारी दूर्वा आणि शिरूर-दौंडच्या रानात शेतकऱ्याला जेरीस आणणारी हरळी, हे एकच गवत. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. नांगरट करून काश्या वेचल्या, बांधावर वाळत टाकल्या, तरी मातीत राहिलेल्या बोटभर काशीतून पावसाळ्यात पुन्हा जाळं पसरतं. गोल्फवाल्यांना हा चिवटपणाच हवा होता.

गोल्फमध्ये चेंडू शेवटी ज्या हिरवळीवरून घरंगळत भोकात जातो, तिला ग्रीन म्हणतात. तिथलं गवत जेमतेम पाच मिलिमीटर ठेवतात आणि हंगामात जवळजवळ रोज कापतात. एवढ्या कापणीत बहुतेक गवतं मरतील. हरळी तगते, कारण तिची शिदोरी जमिनीलगत धावणाऱ्या फांद्यांत आणि मातीतल्या काश्यांत असते आणि पेऱ्यापेऱ्यातून तिला फुटवा येतो. मात्र साधी हरळी ग्रीनसाठी भरड पडते. पातं रुंद, वीण विरळ, त्यामुळे चेंडू सरळ जात नाही.

ही अडचण ग्लेन बर्टन या अमेरिकी शास्त्रज्ञानं सोडवली. जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावच्या संशोधन केंद्रावर तो १९३६ मध्ये रुजू झाला. त्याच्या गवतावरच्या कामाला अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं पैसे दिले. त्यानं चांगली हरळी निवडली आणि सायनोडॉन ट्रान्सव्हालेन्सिस या बारीक पात्याच्या आफ्रिकी जातीशी तिचा संकर केला. इथलं गणित समजून घेण्यासारखं आहे. या हरळीत ३६ गुणसूत्रं, आफ्रिकी जातीत १८. दोघींकडून निम्मी निम्मी आली, म्हणजे १८ आणि ९, एकूण २७. नऊ-नऊचे तीन संच झाले, पण बीज तयार होताना गुणसूत्रांना जोडीनं उभं राहावं लागतं आणि तिघांत जोड्या जमत नाहीत. म्हणून हे गवत वंध्य निघालं.

हे वंध्यत्व वरदान ठरलं. बी पडत नाही, त्यामुळे भलती रोपं उगवत नाहीत आणि सगळी हिरवळ एका साच्याची राहते. मग लावायची कशी? दौंडच्या शेतकऱ्याला सांगायला नको: उसाचं बेणं लावतो तशी. तुकडे तोडायचे, पसरायचे, मातीत दाबायचे. १९५६ मध्ये टिफग्रीन आणि १९६० मध्ये टिफवे हे वाण बाहेर आले आणि उष्ण प्रदेशांतल्या गोल्फ मैदानांवर पसरले.

याच बर्टनच्या हाताखाली टिफ्टनला चाऱ्यासाठी बाजरीवरही काम चालू होतं, आणि तिथेही वंध्यत्वच कामी आलं. बाजरीच्या एका कणसात शेकडो बारीक फुलं असतात. प्रत्येक फुलातले परागकोष चिमट्यानं काढून एकरभर संकरित बियाणं करणं माणसाच्या हातून होणारं काम नाही. बर्टनला अशी झाडं मिळाली, ज्यांना कामाचे परागकण येतच नव्हते. हा दोष पेशीद्रव्यातून, म्हणजे आईकडूनच, पुढे जातो. त्यातून टिफ्ट २३ ए ही नरवंध्य मादी तयार झाली. तिच्या ओळींशेजारी नराच्या ओळी पेरल्या, की वाऱ्यानं आलेल्या परागानं कणसात भरतं ते सगळं संकरित बी. नर असा निवडतात, की त्याच्या पोटची झाडं पुन्हा पराग देतील. तसं नसतं तर शेतकऱ्याच्या रानात दाणाच भरला नसता.

ही मादी भारतात आली. लुधियानाला डॉ. दिलबागसिंग अठवाल यांनी तिच्यावर एचबी-१ हा भारतातला पहिला संकरित बाजरीचा वाण घडवला. साल १९६५.

पुढची गोष्ट कटू आहे. सुरुवातीच्या साऱ्या एचबी वाणांची आई एकच, टिफ्ट २३ ए, आणि गोसावी रोगापुढे ती दुबळी होती. १९७० नंतर रोग उसळला. दाण्यांच्या जागी कणसावर पानांचे जटेसारखे झुपके आले आणि पीक हातचं गेलं. माझ्या मते खरा दोष त्या मादीपेक्षा सगळीकडे तिलाच पेरण्यात होता. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत गॅमा किरणांचा मारा करून तिच्यापासूनच ५०७१ ए ही रोगाला अधिक तोंड देणारी मादी काढली गेली, आणि नंतरच्या काळात नव्या माद्या, नवे वाण येत राहिले.

म्हणून शिरूर-दौंडच्या बाजरीवाल्यांना सांगणं एवढंच: संकरित बाजरीचं घरचं बी पुन्हा पेरू नका, कारण दुसऱ्या पिढीत झाडं उंचसखल निघतात आणि उतारा घटतो. पेरणीआधी किलोमागे ६ ग्रॅम मेटॅलॅक्झिल चोळा. रानात गोसावी दिसला की झाड उपटून जाळा. आणि शेजारच्या चार घरांनी कोणता वाण घेतलाय ते विचारून, जमल्यास त्याहून वेगळा वाण निवडा.