कियोशी इतो : यदृच्छ गतीचे गणित

कियोशी इतो यांचा जन्म ७ सप्टेंबर १९१५ रोजी जपानच्या मिए प्रांतात झाला. टोकियो इम्पीरियल विद्यापीठातून १९३८ मध्ये गणिताची पदवी घेऊन ते पुढच्याच वर्षी सरकारी सांख्यिकी विभागात नोकरीला लागले. संभाव्यताशास्त्राला तेव्हा गणितात फारसा मान नव्हता. रशियाचे कोल्मोगोरोव आणि फ्रान्सचे पॉल लेव्ही यांचे ग्रंथ इतो यांनी या नोकरीच्या काळात अभ्यासले, आणि त्यातूनच त्यांचे सर्वांत मोठे काम उभे राहिले.

पाण्यातला सूक्ष्म कण रेणूंच्या माऱ्याने सतत इकडेतिकडे हलत असतो. या ब्राऊनीय गतीचा मार्ग अखंड असतो, पण इतका वाकडातिकडा, की त्याला कुठेच स्पर्शिका काढता येत नाही. न्यूटन आणि लायब्निझ यांचे कलनशास्त्र इथे अपुरे पडते. नेहमीच्या कलनात अतिसूक्ष्म बदलाचा वर्ग नगण्य म्हणून सोडून देतात. ब्राऊनीय गतीत मात्र या वर्गांची बेरीज लोटलेल्या काळाच्या प्रमाणात वाढत जाते, ती वगळून चालत नाही. इतो यांनी तिचा हिशेब धरला, तेव्हा विकलनाच्या परिचित नियमात द्वितीय विकलजाचे एक जादा पद आले. हेच ‘इतोचे सूत्र’.

या विचाराची पहिली मांडणी १९४२ साली एका जपानी सायक्लोस्टाइल पत्रिकेत आली. युद्धाच्या त्या दिवसांत जपानबाहेर ती कोण वाचणार? १९५१ मध्ये अमेरिकेत इंग्रजी प्रबंधिका निघाल्यावर जगाचे लक्ष गेले.

१९४३ मध्ये इतो नागोया विद्यापीठात शिकवू लागले आणि १९५२ मध्ये क्योतो विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आले. पुढे प्रिन्स्टन, डेन्मार्कचे ऑर्हूस आणि अमेरिकेतले कॉर्नेल इथे त्यांनी काम केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्यांनी यदृच्छ प्रक्रियांवर व्याख्याने दिली. त्या व्याख्यानांची टिपणे संस्थेने प्रसिद्ध केली.

१९७३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ ब्लॅक, शोल्स आणि मर्टन यांच्या सिद्धांताने शेअर बाजारातल्या ऑप्शनची, म्हणजे ठरलेल्या किमतीला खरेदी-विक्री करण्याच्या हक्काची, किंमत ठरवण्याची रीत दिली. मर्टन यांनी त्यासाठी इतोचेच कलन वापरले. शुद्ध गणिताच्या ओढीने केलेले काम असे बाजारात पोहोचले.

इतो यांना १९८७ मध्ये वुल्फ पारितोषिक मिळाले, १९९८ मध्ये क्योतो पारितोषिक आणि २००६ मध्ये पहिलेच गाऊस पारितोषिक. प्रकृतीमुळे ते गाऊस पारितोषिकाच्या सोहळ्याला माद्रिदला जाऊ शकले नाहीत. तिथे त्यांच्या मुलीने ते स्वीकारले. १० नोव्हेंबर २००८ रोजी क्योतोमध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.