हिवाळ्यातील कोरडी हवा आणि घरातील कुंड्या

पाऊस उघडून दोन महिने लोटले म्हणजे दख्खनच्या पठारावरील हवेत कोरडेपणा येऊ लागतो. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, दोरीवर टाकलेले लुगडे पाहता पाहता वाळते. याच सुमारास ओसरीवर, माजघराच्या खिडकीत किंवा रोपवाटिकेच्या सावलीत ठेवलेल्या कुंड्यांतील झाडांची पाने कडेने तपकिरी होऊन वाळू लागतात. कळ्या उमलण्यापूर्वीच गळतात. नवे पान पुरते उलगडत नाही. झाडाला पाणी कमी पडले असा घरच्या मंडळींचा समज होतो आणि रोज एक तांब्या पाणी अधिक घातले जाते. पंधरा-वीस दिवसांत झाड बुडख्याशी मऊ पडून आडवे होते. थंडी बाधली असे मग सर्वजण म्हणतात. वस्तुतः अशी बरीच झाडे थंडीने मरत नाहीत, मुळाशी साचलेल्या पाण्याने मरतात.

मुळाजवळची ओल आणि हवेतील ओल या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि एकीची उणीव दुसरीने भरून निघत नाही. ग्रामसेवकांनी व महिला बचत गटांच्या कार्यकर्त्यांनी ही गोष्ट प्रथम समजून घ्यावी. कुंड्यांतील झाडे ही आता केवळ हौसेची बाब राहिलेली नाही. शहरांजवळच्या अनेक गावांत शोभेच्या रोपांची विक्री हा शेतीचा जोडधंदा झाला आहे. पुण्याजवळ उरुळी कांचनच्या परिसरात सोलापूर रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंस रोपवाटिका दिसतात. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाकडील कडियम येथून रोपे भरलेल्या गाड्या देशभर जातात. तेथील दमट हवेत वाढलेले रोप पौष-माघात आपल्याकडे उतरले आणि त्याची योग्य काळजी घेतली गेली नाही, तर लहान रोपवाटिकाधारकाचे गुंतवलेले भांडवल महिन्याभरात वाळून जाते.

हवा कोरडी का होते?

हिवाळ्यात आपल्याकडे येणारे वारे मुख्यतः ईशान्येकडून, म्हणजे जमिनीवरून येतात. त्यांत समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांइतके बाष्प नसते. परंतु कोरडेपणाचे हे एवढेच कारण नाही. हवा जितकी उष्ण तितके अधिक बाष्प तिच्यात मावते. 10 अंश सेल्सिअस तापमानास एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 9.4 ग्रॅम बाष्प राहू शकते, 20 अंशांस सुमारे 17 ग्रॅम, तर 30 अंशांस सुमारे 30 ग्रॅम. मावू शकणाऱ्या बाष्पापैकी किती बाष्प प्रत्यक्षात आहे, त्याचे शेकडा प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता.

आता असे समजा की पहाटे 12 अंश तापमान आहे आणि आर्द्रता 80 टक्के आहे. गवतावर दव पडलेले आहे, हवा दमट भासते आहे. दुपारी तापमान 30 अंशांवर गेले. हवेतील बाष्प होते तेवढेच राहिले, पण आर्द्रता मात्र 26 टक्क्यांच्या आसपास उतरली. पहाटेचे दव पाहून ‘हवेत ओल पुष्कळ आहे’ असा निष्कर्ष काढणारा मनुष्य येथेच फसतो. मार्गशीर्षापेक्षा माघ अधिक कठीण जातो तोही याच कारणाने, कारण तोवर दुपारचे ऊन चढू लागलेले असते. कोकणपट्टीत समुद्र जवळ असल्याने ही अडचण फारशी जाणवत नाही. पुढील सूचना देश, खानदेश, मराठवाडा व विदर्भ यांना उद्देशून आहेत.

थंड देशांत लिहिलेल्या पुस्तकांत घरे तापविणाऱ्या शेगड्यांना याचा दोष दिलेला असतो. आपल्या घरांत तशा शेगड्या नसतात. आपली दारे-खिडक्या दिवसभर उघडी असतात व दुपारची कोरडी हवा घरातून वाहत जाते. त्यामुळे त्या पुस्तकांतील उपाय जसेच्या तसे उचलण्यात अर्थ नाही.

झाडावर याचा काय परिणाम होतो?

पानाच्या आतील हवा बाष्पाने जवळजवळ पूर्ण भरलेली असते. बाहेरची हवा जितकी कोरडी तितके पानातील बाष्प पर्णरंध्रांवाटे अधिक जोराने बाहेर ओढले जाते. 30 अंश तापमानास 75 टक्के आर्द्रतेच्या हवेपेक्षा 26 टक्के आर्द्रतेच्या हवेची ही ओढ सुमारे तिप्पट असते. झाड पर्णरंध्रे मिटून बचाव करते, पण रंध्रे मिटली की वाढही थांबते. पानाची कड व टोक ही पाणी पोहोचण्याची शेवटची ठिकाणे असल्याने ती प्रथम वाळतात.

याच वेळी रात्रीच्या गारव्याने कुंडीतील माती थंड झालेली असते आणि थंड मातीतून मुळे पाणी सावकाश घेतात. अशा मातीत जास्त पाणी ओतले म्हणजे तिच्यातील हवा निघून जाते व मुळे कुजू लागतात. कुजलेले मूळ पाणी घेऊ शकत नाही, म्हणून पाने आणखी मलूल होतात आणि घरातील मंडळी आणखी पाणी घालतात.

रोगनिदान अवघड नाही. पानाची कड व टोक कुरकुरीत वाळले, पण बुडखा घट्ट व माती बोटभर खोलीवर ओलसर असेल, तर हवा कोरडी आहे असे समजावे. खालची पाने पिवळी पडून गळत असतील, बुडखा मऊ असेल व मातीस आंबूस वास येत असेल, तर पाणी जास्त झाले आहे. कुंडीच्या काठावर पांढरा थर जमला असून टोके वाळत असतील, तर विहिरीच्या वा कूपनलिकेच्या पाण्यातील क्षारांचा संशय घ्यावा. मातीच्या कुंडीवर बोटाने टिचकी मारून पाहण्याची माळ्यांची जुनी रीत आजही उपयोगी आहे. खणखणीत आवाज आला तर माती कोरडी, बद्द आवाज आला तर ओली. प्लास्टिकच्या कुंडीस ही परीक्षा लागू पडत नाही, ती उचलून वजनाचा अंदाज घ्यावा.

आर्द्रता मोजण्याची सोपी रीत

आर्द्रता दाखविणारी लहान उपकरणे आता बाजारात मिळतात. परंतु गावातील शाळेत वा मंडळाच्या सभेत प्रात्यक्षिक दाखवावयाचे असल्यास दोन सारखे तापमापक पुरे आहेत. एकाच्या फुग्यास मलमलीची चिंधी गुंडाळून ती स्वच्छ पाण्याने भिजवावी व दोन्ही तापमापकांस हातपंख्याने वारा घालावा. ओल्या तापमापकातील पारा उतरतो. तो स्थिर झाला म्हणजे दोहोंतील फरक पाहावा. कोरडा तापमापक 28 अंश दाखवीत असता फरक 4 अंशांचा असेल तर आर्द्रता सुमारे 72 टक्के, 7 अंशांचा असेल तर 53, 10 अंशांचा असेल तर 37 आणि 12 अंशांचा असेल तर सुमारे 27 टक्के समजावी. हे मोजमाप दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान, कुंड्या ठेवल्या आहेत त्याच जागी करावे. अंगणातील आकडा घरातील झाडास उपयोगाचा नाही.

कोरफड, निवडुंग यांना 25-30 टक्के आर्द्रता चालते. त्यांच्यासाठी काहीच करावयास नको. मनीप्लांट, क्रोटन यांसारखी नेहमीची झाडे 40 ते 50 टक्क्यांत बरी राहतात. नेचे, अँथुरियम, मरांटा व बहुतेक ऑर्किड यांना 60 टक्क्यांहून अधिक हवी असते.

घरगुती उपाय

पठारावरील जुन्या विहिरीत किंवा बारवेत वाकून पाहिल्यास दगडांच्या सांध्यांतून हंसराज नावाचा नाजूक नेचा वाढलेला दिसतो. वर रान करपलेले असते आणि दहा-बारा हात खाली तो हिरवागार असतो. तेथे सावली आहे, वाऱ्याचा झोत नाही व भोवती ओल्या दगडांचे मोठे क्षेत्र सतत बाष्प सोडीत आहे. घरात आपणांस हीच तीन कामे साधावयाची आहेत.

प्रथम जागा पाहावी. समोरासमोरच्या दार-खिडकीच्या रेषेतील, चुलीजवळची व पश्चिमेच्या उन्हात येणारी कुंडी हलवावी. पूर्वेकडील खिडकी किंवा न्हाणीघराची उजेड असलेली बाजू चांगली. नंतर सर्व कुंड्या एकत्र आणाव्यात. प्रत्येक झाड बाष्प सोडीत असते. सुटी सुटी ठेवलेली झाडे ते वाऱ्यावर घालवितात, एकत्र ठेवलेली झाडे एकमेकांस देतात. मध्यभागी नेचे व कोवळी रोपे आणि कडेने राकट झाडे अशी मांडणी करावी. या उपायास एक पैसाही खर्च येत नाही आणि तरी तो सर्वांत कमी केला जातो, कारण शोभेसाठी एकेक कुंडी एकेका कोपऱ्यात ठेवण्याची आपली आवड.

कुंड्या अधिक असतील तर भिंतीच्या आडोशास विटांची एक थरी चौकट करून तीत सुमारे 10 सेंटिमीटर जाडीचा वाळूचा थर पसरावा. वाळू सदैव ओली ठेवावी आणि कुंड्या तीवर पालथ्या घातलेल्या विटांवर किंवा फरशीच्या तुकड्यांवर ठेवाव्यात, म्हणजे तळाचे छिद्र पाण्यात बुडत नाही. एखादेच नाजूक झाड असेल तर कुंडीत कुंडी ही रीत बरी. मोठ्या मातीच्या कुंडीत लहान कुंडी ठेवून मधल्या जागेत वाळू किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा भरावा व पाणी मुख्यतः त्या भुशात घालावे.

वाऱ्याच्या बाजूस ओले तरट टांगणे हा रोपवाटिकेसाठी परिणामकारक उपाय आहे. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांनी घर थंड होते हे आपण जाणतोच. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेते, म्हणून ओल्या तरटाने हवा दमट होते आणि गारही होते. हिवाळ्यात मात्र हा गारवा जपून वापरावा. तरट सकाळी अकराच्या सुमारास भिजवावे आणि चार वाजता पाणी बंद करावे. रात्री ओले तरट ठेवल्यास आधीच थंड असलेली जागा अधिक थंड होते. निफाडसारख्या कडक थंडीच्या भागात पारा 10 अंशांच्या खाली जातो, तेथे उष्ण प्रदेशातील झाडांना हा अपाय सहन होत नाही.

बाजारात पिचकाऱ्या मिळतात व दिवसातून दोनदा पानांवर तुषार उडवा असा सल्ला सर्रास दिला जातो. आमच्या मते या उपायाचे महत्त्व फार वाढविले गेले आहे. पानावरील तुषार कोरड्या हवेत थोड्याच वेळात उडून जातात व आर्द्रता पुन्हा होती तेथे येते. पाणी क्षारयुक्त असल्यास पानांवर पांढरे डाग मात्र उरतात, आणि संध्याकाळी फवारलेले पाणी रात्रभर पानावर राहिल्यास बुरशीस वाव मिळतो. खडे व पाणी घातलेल्या ताटलीचा उपयोगही ताटलीलगत थोडासाच होतो. विजेवर चालणारी बाष्पयंत्रे बंद खोलीत काम देतात, उघड्या ओसरीवर नाहीत.

बाहेरून आणलेली रोपे व छाटकलमे

मूळ नसलेल्या छाटकलमास हवेतील ओल हाच मुख्य आधार असतो, म्हणून त्यास 80 ते 90 टक्के आर्द्रता द्यावी लागते. येथे झाकण हाच उपाय. लंडनमधील नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड या डॉक्टरांनी 1829 मध्ये झाकलेल्या बाटलीतील ओल्या मातीत पतंगाचा कोष ठेवला होता. कोष बाजूस राहिला आणि त्या मातीत नेचा उगवून आला. शहरातील धुराने त्यांच्या बागेतील नेचे मरत होते, पण हा बाटलीतला नेचा वाढू लागला. पानांतून निघालेले बाष्प काचेवर जमून पुन्हा मातीत येत होते. 1833 मध्ये त्यांनी अशा काचपेट्यांतून रोपे जहाजाने सिडनीस पाठविली आणि ती सुखरूप पोहोचली. पुढे 1848 ते 1851 या काळात रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून हजारो चहाची रोपे याच प्रकारच्या पेट्यांतून भारतात आणली.

आपणांस काचपेटी नको. बांबूच्या कामट्यांच्या कमानीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरले की काम होते. हा बोगदा सावलीतच असावा. उन्हात त्याची भट्टी होते व रोपे तासाभरात शिजतात. रोज सकाळी थोडा वेळ एक बाजू उघडून आतील हवा बदलावी.

दमट प्रदेशातून आलेल्या रोपांची पाने त्या हवेस साजेशी पातळ असतात. गाडी उतरताच ती उघड्यावर मांडू नयेत. पहिले पाच-सहा दिवस बोगद्यात ठेवावीत. नंतर प्रथम सकाळी एक तास, मग दोन, मग संध्याकाळीही, असे प्लास्टिक उघडत जावे. दुपारची उघडीक सर्वांत शेवटी. दोन ते तीन आठवड्यांत रोप आपल्या हवेस सरावते व नवी पाने जाड येऊ लागतात. या काळात खत घालू नये आणि कुंडीही बदलू नये. रोप टवटवीत दिसते म्हणून पाचव्याच दिवशी गिऱ्हाइकास विकणाऱ्याचे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही, हे रोपवाटिकाधारकांनी ध्यानात ठेवणे त्यांच्याच हिताचे आहे.

लाल कोळी

कोरडी हवा ज्यास मानवते असा एक शत्रू म्हणजे लाल कोळी. तो कीटक नव्हे, आठ पायांचा कोळीवर्गीय प्राणी आहे. त्यामुळे अनेक कीटकनाशकांचा त्यावर परिणाम होत नाही. पानावर बारीक फिकट ठिपके दिसू लागताच पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकावे. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर तो कोळीच. आरंभी पानांची खालची बाजू पाण्याच्या धारेने सकाळी धुवावी व असे तीन-चार दिवसांच्या अंतराने काही वेळा करावे. जाळी धरू लागलेली पाने तोडून जाळावीत. उपद्रव वाढल्यास कडुनिंबाचे तेल साबणाच्या पाण्यात नीट मिसळून खालच्या बाजूस फवारावे, प्रथम एका फांदीवर पाहून मगच सर्व झाडावर.

दारातील नागवेलीवर ही बाधा लवकर दिसते. पूजेच्या विड्यापुरती एखादी वेल अनेक घरांत असते, आणि हिवाळ्यात तिची पाने लहान व चरबरीत येतात. तिला उन्हातून काढून भिंतीच्या सावलीत, शक्य तर पाण्याच्या रांजणाजवळ न्यावे आणि चढण्यास बांबूऐवजी काथ्या गुंडाळलेली काठी द्यावी. काथ्यावर रोज सकाळी पाणी शिंपडल्यास पेऱ्यांवरील मुळे त्यास धरतात. कुंडीतील पाणी मात्र बोट घालून पाहिल्यावाचून देऊ नये.