कौल कुणाचा घ्यायचा?

दरवर्षी 9 ऑगस्टला खानदेशातल्या शिरपूर, साक्री, चोपडा, यावलच्या रस्त्यांवर ढोल घुमतो. जागतिक आदिवासी दिनासाठी पावरा, भिल्ल, तडवी मंडळी पाड्यापाड्यांवरून उतरतात. फलकांवर सगळ्यांत ठळक शब्द असतो ‘आदिवासी’. गंमत अशी, की आपल्या राज्यघटनेने हा शब्द घेतलाच नाही. घटना समितीत आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. स्वीकारली गेली ती ‘अनुसूचित जनजाती’ ही सरकारी संज्ञा.

नाव नाही, पण मान्यता मिळाली. आणि त्यासाठी देशभर मतदान घ्यावे लागले नाही.

ऑस्ट्रेलियाने ते घेतले. 14 ऑक्टोबर 2023 रोजी तिथल्या सर्व मतदारांना विचारले गेले: मूळ रहिवाशांना घटनेत मान्यता द्यावी का, आणि संसदेपुढे त्यांची बाजू मांडणारे कायमचे मंडळ नेमावे का? सुमारे 60 टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले; सहापैकी एकाही राज्यात ‘होय’ला बहुमत मिळाले नाही. विरोधकांत काही मूलनिवासी नेतेही होते. तरी आकडा बोलका आहे. मूलनिवासी लोकसंख्येच्या चार टक्क्यांच्या आत, आणि त्यांच्याबद्दलचा निर्णय उरलेल्या शहाण्णवांच्या हाती.

आपल्याकडे असे सार्वमत नाही. कलम 342 नुसार जमातींची यादी राष्ट्रपती जाहीर करतात. पुढे त्यात बदल करायचा तर संसदेलाच कायदा करावा लागतो. न्यायालयालाही यादी वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली महाराष्ट्रातल्याच हलबा-कोष्टी प्रकरणात सांगितले. जळगाव जिल्ह्यात टोकरे कोळी जमातीच्या दाखल्यांवरून जी आंदोलने होतात, त्यांचे मूळ या यादीत आहे. यादीतले नाव आणि दाखल्यावरचे नाव जुळते का, याभोवती घराघरांतल्या मुलांचे शिक्षण आणि नोकरी फिरते.

ही झाली ‘कोण’ची मान्यता. ‘कुणाला विचारायचे’ हा प्रश्न त्यापुढचा, आणि त्याचे उत्तर गावात आहे. घटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली धुळ्यातल्या साक्री-शिरपूरची आणि जळगावातल्या चोपडा-यावल-रावेरची अनेक गावे येतात. तिथे 1996 चा पेसा कायदा (अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा) आणि राज्याचे 2014 चे नियम लागू आहेत. महसुली गावाच्या सभेत पाड्याचा आवाज हरवतो, म्हणून पाड्याला स्वतंत्र गाव जाहीर करून स्वतःची ग्रामसभा भरवता येते. वनहक्क कायद्यात तर दाव्याची सुरुवातच ग्रामसभेपासून होते: वनहक्क समिती जागेवर जाऊन पाहते, सभा ठराव करते, मग कागद उपविभागीय आणि जिल्हा समितीकडे जातो.

या सभेत किती ताकद आहे, हे 2013 साली ओडिशातल्या नियमगिरी डोंगराने दाखवले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डोंगरावरच्या बारा ग्रामसभांना बॉक्साइटच्या खाणीबद्दल विचारले गेले. बाराही जणींनी नकार दिला आणि खाण थांबली. तो कौल देशाचा नव्हता, डोंगरावर राहणाऱ्यांचा होता. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

अर्थात पेसा कायद्यातही एक पळवाट आहे. जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करा, एवढेच तो म्हणतो. संमती मागत नाही. वनपट्ट्याचे दावे वरच्या समित्यांत अडकतात, तेव्हा सभेचा ठराव फाइलमध्ये पडून राहतो. खानदेशातल्या आदिवासींना नोव्हेंबर 2018 मध्ये ठाण्याहून मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत चालत जावे लागले, त्यांच्या मागण्यांत हे वनपट्टेही होते.

म्हणून 9 ऑगस्टच्या मिरवणुकीपेक्षा त्यानंतरच्या ग्रामसभेकडे पाहावे. तिथे पाड्यावरची किती माणसे बसली होती आणि ठराव वहीत लिहून झाल्यावर तो सगळ्यांना वाचून दाखवला का, हे विचारावे.