मुनिमाची चूक आणि थबकलेले बंदर

श्रोतेहो, गोंदियाच्या माणसाला कोठाराचे शास्त्र शिकवावयाला आम्ही उभे नाही. धानाच्या गिरणीत मुनीम माल मोजतो, जागा नेमून देतो आणि मगच हमाल थप्पी लावतात. संगणकाची स्मृती हेही एक कोठारच होय; आणि ज्याला ‘सर्व्हर’ म्हणतात तो आल्यागेल्या प्रत्येकाच्या मागणीला खिडकीतून उत्तर देणारा मुनीम. फरक इतकाच की, ह्या कोठारात माल आणि मालकाचे हुकूम शेजारीशेजारी ठेवलेले असतात. सगळा घोटाळा तेथेच आहे.

विंडोज प्रणालीत एका संगणकावरील फायली दुसऱ्याला पुरविणारा एक जुना सर्व्हर होता. त्याच्याकडे एक यादी येई. तीतील सदोष नोंदी गाळून तो यादीची लांबी दुरुस्त करी. आता समजा, वहीत १,००,००० पोती होती, ती तपासणीअंती ९९,५०० ठरली. मुनिमाने शेवटच्या पाच घरांत ९९,५०० लिहिले, पण पुढचा १ खोडावयाचा राहिला. झाली १,९९,५००! जागा नेमली ती खऱ्या मालापुरती, आणि हमाल वहीतला आकडा वाचून पोती टाकीतच राहिले. ती पडली शेजारच्या खणात, हुकुमांवर. पोती पाठविणारा लबाड असेल तर आपलेच हुकूम तो तेथे पोहोचवितो, आणि घर त्याचे होते. अभ्यासकांनी ह्या हल्ल्याची यादी उलगडली तेव्हा ६५,५३६ची लांबी कमी होण्याऐवजी १,३०,९०९ झालेली आढळली. चूक खरोखर एवढीच!

मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली १४ मार्च २०१७ रोजी. चूक वापरण्याचे हत्यार १४ एप्रिलला चव्हाट्यावर आले. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने जगभर हाहाकार केला. तरीही २७ जूनला, म्हणजे दुरुस्तीनंतर १०५ दिवसांनी, युक्रेनमधील एका हिशेबी सॉफ्टवेअरमधून निघालेल्या ‘नॉटपेट्या’ने मर्स्क ह्या जहाज कंपनीला गाठले आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम थबकले. क्रेन धडधाकट होत्या, माणसे हजर होती; पण कोणती पेटी कोणाची, हे संगणकालाच ठाऊक!

दुरुस्ती का लावली जात नाही? ‘सध्या हंगाम आहे, मशीन बंद ठेवता येणार नाही,’ हे उत्तर आम्ही पुष्कळ कचेऱ्यांत ऐकले आहे, आणि खरे सांगायचे तर स्वतःही दिले आहे. परंतु नॉटपेट्याची खरी मेख निराळीच होती. दुरुस्ती न केलेल्या एका संगणकात शिरल्यावर तो तेथील स्मृतीतून परवलीचे शब्द उचली आणि त्यांच्या जोरावर दुरुस्त केलेल्या शेजाऱ्यांतही घुसे. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. त्यासाठी दहा दिवस लागले.