ढाबळीतली भांडणं

मीरा-भाईंदरसारख्या दाटीच्या शहरात ढाबळ म्हणजे गच्चीचा एक कोपरा. शर्यतीच्या नर कबुतरांच्या मारामारीचं मूळ बहुधा या दाटीतच असतं. नर मादीसाठी भांडतो, पण जागेसाठी त्याहून अधिक. एकदा खण आपला मानला की तो त्यात घुमत, गोल फिरत राहतो; दुसऱ्याने डोकावलं की पंखाचा फटका, आणि चोच थेट डोळ्याकडे. शेजारच्या खणात चुकून शिरलेल्या पिल्लाचं तर डोकं सोलून निघतं. ते बघवत नाही.

म्हणून जोड्यांपेक्षा दोन-चार खण जास्तच ठेवावेत. बसायची फळीही सलग नको, प्रत्येकाला सुटी हवी. नवा नर आणलात, तर त्याला मादीसह काही दिवस त्याच्याच खणात जाळीआड कोंडा. जागा त्याची ठरते. अंडी उबायला 17-18 दिवस लागतात. दुपारभर बहुधा नरच अंड्यांवर बसतो, तेवढी शांतता.

विणीचा हंगाम संपला की नर-माद्या वेगळ्या कराव्यात. बेल्जियमचे शर्यतवाले तर याच विरहाचा उपयोग करतात: मादी घरी, म्हणून नर वेगाने परततो.

एवढं करूनही एखादा मारकाच निघाला, तर त्याला सरळ वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा.