गाडी बदलायचीय? आधी वही-पेन काढा!

घरची गाडी तेरा-चौदा वर्षांची झाली, की जेवताना कधीतरी विषय निघतोच. ‘आता ही बदलायला हवी!’ बाबांना मोठी डिकी हवी असते, आईला आजी सहज चढेल-उतरेल अशी सीट हवी असते आणि मामाच्या ओळखीत ‘एकदम कडक कंडिशन’मधली एक गाडी असतेच असते. मग सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळतात. ‘तू बघ जरा मोबाइलवर, तुला त्यातलं कळतं.’

झालं! तुम्ही घरचं रिसर्च खातं. पण दोस्तांनो, हे काम हसण्यावारी नेऊ नका. घर सोडलं तर बहुतेक कुटुंबांची सगळ्यात मोठी खरेदी गाडीचीच असते. तुमची शेवटच्या वर्षाची फी, धाकट्या बहिणीचा क्लास आणि गाडीचा हप्ता एकाच पगारातून जाणार असतात. म्हणून रील्स आणि रिव्ह्यू बघायच्या आधी वही-पेन घ्या आणि एकेका प्रश्नाचं उत्तर लिहीत चला.

आधी जुनीला न्याय द्या

पहिला प्रश्न, गाडी खरंच बदलायला झालीय का? महाराष्ट्रात १५ वर्षं पूर्ण झाली म्हणून खासगी गाडी आपोआप भंगारात जात नाही. आरटीओत तपासणी करून, फी आणि पर्यावरण कर भरून आरसीची मुदत पाच वर्षांनी वाढवता येते. दिल्लीतले नियम वेगळे आहेत, त्या बातम्या वाचून घाबरू नका.

गेल्या दोन वर्षांतली गॅरेजची बिलं शोधा आणि बेरीज करा. टायर, बॅटरी, क्लच प्लेट, ब्रेक पॅड ही झीज आहे, ती कुठल्याही गाडीची होतेच. असा ३०-४० हजारांचा खर्च आला म्हणून आठ-दहा लाखांचं कर्ज काढणं हा शहाणपणा नाही. पण इंजिन ऑइल खातंय, चॅसिसला गंज लागलाय (कोकणातल्या खाऱ्या हवेत हे हमखास होतं), सुटे भाग मिळत नाहीत किंवा गाडी भररस्त्यात बंद पडते, तर मात्र निरोपाची वेळ आली.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा, आणि तो बिलात दिसत नाही. आपल्याकडे सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१९ मध्ये आणि चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ मध्ये. त्याआधीच्या कित्येक स्वस्त मॉडेलांत या दोन्ही गोष्टी नव्हत्या. घरची गाडी त्यातली असेल आणि रोज हायवेवर जात असेल, तर ती बदलायला एवढं एक कारणही पुरेसं आहे.

किती चालते? कुठे चालते?

हे दोन प्रश्न शोरूममध्ये क्वचितच कुणी विचारतं, पण सगळा निर्णय यांच्यावरच ठरतो. गेल्या सर्व्हिसच्या बिलावर मीटरचं रीडिंग असतं. त्याच्या आधीच्या बिलावरचं वजा करा, मधल्या महिन्यांनी भागा. महिन्याचं रनिंग हाती येईल. ‘आपली गाडी खूप चालते’ म्हणणाऱ्या घरात हा आकडा बऱ्याचदा ५०० किलोमीटरसुद्धा निघत नाही!

मग बघा, हे किलोमीटर कुठले आहेत. घोडबंदर रोडच्या किंवा हिंजवडीच्या ट्रॅफिकमधले, की सोलापूर हायवेवर एका वेगात कापलेले? दोन्हीकडे इंधनाचा हिशेब पार बदलतो.

‘हायब्रिड’ शब्द एक, गाड्या दोन

हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर असं जोडकाम. प्रकार नवा नाही. टोयोटाची प्रियस जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरमध्येच बाजारात आली होती. होंडाने सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये भारतात आणली, पण किंमत आवाक्याबाहेर असल्याने ती फार घरांत पोचली नाही. खऱ्या अर्थाने चर्चा सुरू झाली ती २०२२ मध्ये. त्या वर्षी होंडा सिटी ई:एचईव्ही, टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड व्हिटारा आल्या.

पण मागच्या काचेखाली ‘हायब्रिड’ लिहिलंय म्हणून भुलू नका. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनला नुसता हातभार लावते. सिग्नलला बंद झालेलं इंजिन ती पटकन सुरू करते, पिकअपला थोडा धक्का देते, पण एकटीने गाडी चालवू शकत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मात्र कमी वेगात गाडी फक्त मोटरवर पळते आणि इंजिन बंद असतं. ब्रेक दाबला की एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते. कुठेही प्लग लावावा लागत नाही.

म्हणूनच जितकं ट्रॅफिक वाईट, तितकी स्ट्राँग हायब्रिड खूश! घाट उतरताना तिची बॅटरी भरते, शहरात वारंवार इंजिन गप्प बसतं. एक्स्प्रेसवेवर ताशी १०० च्या वेगात मात्र इंजिनच सगळं काम करत असतं, तेव्हा तिचा फायदा कमी होतो. कागदावरचा फरक बघा. ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचं अधिकृत ॲव्हरेज लिटरला २७.९७ किलोमीटर, तर माइल्ड हायब्रिड मॅन्युअलचं २१.११. पण हे चाचणीतले आकडे. रस्त्यावर दोन्ही बऱ्यापैकी खाली येतात.

आता खरं गणित

समजा, रोजच्या वापरात स्ट्राँग हायब्रिड लिटरला २२ देते आणि साधी गाडी १५. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू आणि दोन्हींच्या किमतीतला फरक तीन लाख. (तुमच्या शोरूमचे कोटेशन आले की खरे आकडे टाका.)

महिन्याला १००० किलोमीटर चालवलं, तर साध्या गाडीला सुमारे ६७ लिटर लागेल, हायब्रिडला सुमारे ४५. बचत महिन्याला २,२०० रुपयांच्या आसपास, वर्षाला जवळपास २७ हजार. म्हणजे तीन लाख वसूल व्हायला ११ वर्षं! रनिंग ५०० असेल तर २२ वर्षं. आणि २,५०० किलोमीटर असेल तर साडेचार वर्षं.

शिवाय हे वरचे तीन लाख कर्जाने घेतले, तर नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी महिन्याला साधारण ६,२०० रुपये जादा हप्ता बसतो. पेट्रोलमध्ये वाचतात २,२०० आणि बँकेत जातात ६,२००. हायब्रिड वाईट आहे असं नाही. रोज विरार-ठाणे किंवा पिंपरी-हडपसर करणाऱ्या घरासाठी ती सोन्यासारखी आहे. पण रविवारी देवदर्शनाला निघणाऱ्या गाडीला ती महागात पडते.

ती महाग का, याचं एक उत्तर करात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांब आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठीवर ४० टक्के आणि इलेक्ट्रिकवर फक्त ५ टक्के. वर नावं घेतलेल्या तिन्ही स्ट्राँग हायब्रिड १५०० सीसीच्या आणि चार मीटरपेक्षा लांब. म्हणजे पेट्रोल कितीही वाचवलं तरी कर मोठ्या गाडीचाच.

‘पण बॅटरी गेली तर?’

हा प्रश्न घरातलं कुणीतरी विचारणारच. उत्तर तयार ठेवा. हायब्रिडची बॅटरी इलेक्ट्रिक गाडीच्या मानाने अगदी छोटी असते आणि ती पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली होऊ दिली जात नाही, म्हणून ती टिकते. टोयोटा आणि होंडा या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल तोवर वॉरंटी देतात. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारी हवेची जाळी मागच्या सीटजवळ असते. तिच्यावर बॅगा, चादरी कोंबू नका आणि सर्व्हिसला ती साफ करून घ्या. एक तोटा मात्र डोळ्यांनी बघून घ्या. बॅटरीमुळे काही मॉडेलांची डिकी बरीच आखूड होते. बाबांची मोठी बॅग घेऊनच टेस्ट ड्राइव्हला जा!

बजेट हायब्रिडपर्यंत पोचत नसेल, तर नाराज होऊ नका. कंपनीतून बसवून आलेली सीएनजी गाडी हा रोजच्या रनिंगचा स्वस्त उपाय आहे. वॅगनआर सीएनजीचं अधिकृत ॲव्हरेज किलोला ३४.०५ किलोमीटर आहे. पण डिकीत टाकी असते आणि पंपावर रांग असते. आपल्या रोजच्या रस्त्यावर पंप आहे का, हे आधी बघा. सोसायटीत स्वतःच्या पार्किंगला चार्जिंग पॉइंट मिळत असेल, तर इलेक्ट्रिकचाही विचार करा. आणि रनिंग अगदीच कमी असेल, तर साधी छोटी पेट्रोल गाडी हेच सरळ उत्तर आहे.

सेकंडहँड घेताय? नाक, हात, कागद

कुठल्याही नव्या गाडीची किंमत शोरूमबाहेर पडताच घसरते. तीन-चार वर्षांची, एकाच मालकाची गाडी घेणं म्हणजे ती घसरण दुसऱ्याच्या खिशातून जाऊ देणं. फक्त डोळे उघडे ठेवा.

- नाक : सगळ्या काचा बंद करून आत पाच मिनिटं बसा. कुबट वास आला तर सावध व्हा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, स्टेपनीखालचा खड्डा बघा. चिखलाचा थर सापडला, तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर आणि २०२१ चा चिपळूणचा पूर आठवा. त्यात किती गाड्या पाण्याखाली होत्या!
- हात : बघायला जाण्याआधी ‘गाडी सुरू करून ठेवू नका’ असं सांगा. गेल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं, तर थंड इंजिनाचा त्रास लपवायला ते आधीच चालवलेलं असू शकतं.
- कागद : एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. विमा, पीयूसी, मालक कितवा हे दिसतं. ई-चलान थकलेत का, बँकेचा बोजा आहे का, हेही तपासा. बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी लागते. मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, सर्व्हिसच्या नोंदी मागा. स्टिअरिंग घासून गुळगुळीत झालंय आणि मीटर म्हणतंय २५ हजार, तर काहीतरी गडबड आहे.

शेवटी, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिकला सोबत न्या. त्याचे हजार-दोन हजार रुपये ही सगळ्यात स्वस्त विमा पॉलिसी! जुनी हायब्रिड असेल, तर बॅटरीचा रिपोर्ट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधूनच घ्या आणि वॉरंटी नव्या मालकाला चालू राहते का, हे लेखी विचारा.

सनरूफ नंतर, ऑन-रोड आधी

जाहिरातीतली किंमत एक्स-शोरूम असते. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीवर दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि दहा ते वीस लाखांत १२ टक्के रस्ताकर लागतो. म्हणजे आठ लाखांच्या गाडीवर ८८ हजार रुपये. त्यावर विमा आणि ‘ॲक्सेसरीज पॅक’. हा पॅक सक्तीचा नसतो, नम्रपणे ‘नको’ म्हणा. त्या पैशांत वरच्या व्हेरिएंटमधल्या जास्तीच्या एअरबॅग मिळतात का, ते विचारा. २०२३ पासून आपली स्वतःची ‘भारत एनकॅप’ क्रॅश टेस्ट सुरू आहे. मॉडेलचे स्टार तिथे बघा. आठवतंय का, २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने तपासलेल्या भारतातल्या लोकप्रिय छोट्या गाड्यांना शून्य स्टार मिळाले होते? गिऱ्हाइकांनी विचारायला सुरुवात केली, तेव्हाच चित्र बदललं.

जुनी देताना दोन गोष्टी विसरू नका

एक, विम्याचा नो क्लेम बोनस. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सलग पाच वर्षं क्लेम घेतला नसेल, तर नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर ५० टक्के सूट मिळते. जुन्या विमा कंपनीकडून प्रमाणपत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं.

दोन, नाव बदलणं. फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून चावी दिली, की काम संपलं असं वाटतं. पण आरसीवर बाबांचं नाव असेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक बाबाच असतात. त्या गाडीने अपघात केला, तर नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून नवं नाव चढलेलं ॲपवर दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. गाडी भंगारात देणार असाल, तर नोंदणीकृत केंद्रातच द्या. तिथे मिळणाऱ्या ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’वर नव्या गाडीच्या रस्ताकरात सवलत मिळते.

एवढं सगळं वहीत उतरलं, की तीन गाड्यांची नावं लिहा. प्रत्येकीपुढे फक्त पाच रकाने : ऑन-रोड किंमत, महिन्याचं इंधन, हप्ता, सुरक्षेचे स्टार आणि घरापासून सर्व्हिस सेंटरचं अंतर. वही घरच्यांपुढे ठेवा आणि बाजूला व्हा. रंग आईला ठरवू द्या. आणि मामाच्या ओळखीतल्या गाडीलाही एक ओळ द्या. वासाच्या, हाताच्या आणि कागदाच्या परीक्षेत ती पास झाली, तर तीच घ्या!